व्यवसाय बदलण्याचा अधिकार

शाळेची रौप्यमहोत्सवी स्मरणिका निघत आहे आणि तिच्यासाठी आम्ही चार पाने लिहावीत, असा संपादक मंडळाचा आग्रह झाला. अशा वेळी जुन्या विद्यार्थ्यांची नावे डोळ्यांपुढून सरकू लागतात. कोणी तहसील कार्यालयात अधिकारी आहे, कोणी वैद्यकीय सेवेत आहे, कोणी प्राध्यापक झाला आहे. त्यांचा गौरव याच अंकात अन्यत्र होईल आणि तो व्हायलाच हवा. आम्हांला मात्र या निमित्ताने अशा एका विद्यार्थिनीविषयी लिहायचे आहे, जिला आम्ही एकदा नव्हे, दोनदा चुकीचा सल्ला दिला. तिचे नाव येथे देत नाही, कारण तशी तिचीच इच्छा आहे. हा मजकूर तिने वाचला आहे आणि दोन ठिकाणी आमच्या तांत्रिक चुका दुरुस्तही केल्या आहेत.

ती आपल्या शाळेतून 2007 साली दहावी उत्तीर्ण झाली. तिची आई भोजनगृहात कामाला होती, आजही आहे. जुन्या विद्यार्थ्यांना ‘मावशी’ एवढे म्हटले की पुरे. पहाटेच्या बुद्धवंदनेचे स्वर सुरू होण्यापूर्वी ज्यांच्या भट्टीचा उजेड अंगणात पडलेला असे, त्या मावशी. मुलगी अभ्यासात नीटनेटकी होती. तिच्या वह्यांत खाडाखोड नसे. कोठीतल्या शिध्याचा हिशेब आईला लिहून देणे हे तिचे सहावीपासूनचे काम. गणित शिकवणाऱ्या सरांना ती अकरावीला विज्ञान शाखेकडे जावी असे वाटत होते. आम्ही म्हणालो, खर्च कुठून आणायचा? मुलीने बारावी करावी, डी.एड. करावे, दोन वर्षांत हाताला काम लागेल. मावशींनी आमचा शब्द प्रमाण मानला. हा आमचा पहिला सल्ला.

त्या काळी तो चुकीचा वाटत नव्हता. तालुक्या-तालुक्यांत डी.एड. विद्यालये निघाली होती. शिक्षणसेवक म्हणून तीन वर्षे तुटपुंज्या मानधनावर काढली की पुढे जिल्हा परिषदेची कायम नोकरी, असे चित्र घराघरांत होते. आमच्या पिढीने तर शिक्षकाच्या नोकरीतूनच वस्तीबाहेर पाऊल टाकले. जी वाट आम्हांला फळली तीच आम्ही पुढच्यांना दाखवली. ती वाट पुढे बंद होत आहे की काय, हे मात्र पाहिले नाही. तिने 2011 साली डी.एड. पूर्ण केले आणि पुढच्याच वर्षी शिक्षकभरती थांबली. 2013 पासून शिक्षक पात्रता परीक्षा आली. डिसेंबर 2017 मध्ये अभियोग्यता चाचणी झाली आणि त्यानंतरची चाचणी व्हायला 2023 उजाडले. या काळात तिने यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठातून बी.ए. केले, पात्रता परीक्षा दुसऱ्या प्रयत्नात उत्तीर्ण केली, अभियोग्यता चाचणीत मात्र गुण कमी पडले. एका खासगी संस्थेत जागा निघाली, तेथे मुलाखतीआधीच रकमेचा आकडा कानावर आला. मग एका विनाअनुदानित शाळेत महिना साडेचार हजार रुपयांवर ती शिकवत राहिली. 2020 च्या टाळेबंदीत त्या शाळेने पगार देणेच थांबवले. शिकवणे मात्र मोबाइलवरून चालूच होते.

2021 च्या पावसाळ्यात एके सकाळी मावशी आमच्या घरी आल्या. त्या सहसा घरी येत नाहीत. उंबऱ्याशीच थांबून म्हणाल्या, “सर, तिले जरा समजावून सांगा. तुमचं आयकते थे. दहा वर्सं मास्तरकी केली, आता काहून सोडाची? कंप्युटरचं काई तरी शिकते म्हंते. तीस वर्साची झाली, पोरगी पदरात हाय.” जावई बुटीबोरीच्या औद्योगिक वसाहतीत कंत्राटी कामगार. घरी पाच वर्षांची नात. मावशींची चिंता खोटी नव्हती.

आम्ही तिला बोलावून घेतले आणि आमचा दुसरा सल्ला दिला. तो आम्हांला शब्दशः आठवतो, कारण आज त्याची लाज वाटते. आम्ही म्हणालो, “बाळ, दहा वर्षांची साधना अशी टाकून देऊ नये. भरती आज ना उद्या निघेल. त्या क्षेत्रात विशी-बाविशीची इंजिनिअर मुले उभी आहेत, तिथे तुला कोण विचारणार? आणि तिथे आरक्षणही नाही.” तिने सर्व ऐकून घेतले. मग खाली पाहत एवढेच म्हणाली, “सर, नववीत तुम्हीच शिकवलं होतं. माणसाला धंदा बदलू देत नाही म्हणून जात बेकारी वाढवते, असं बाबासाहेबांनी लिहिलंय. मी परीक्षेत लिहिलं होतं ते.”

ती गेल्यावर आम्ही कपाटातून ‘अॅनिहिलेशन ऑफ कास्ट’ काढले. लाहोरच्या जातपात तोडक मंडळासाठी तयार केलेले आणि प्रत्यक्षात न झालेले ते भाषण बाबासाहेबांनी 1936 साली स्वतः छापले. त्यातील श्रमविभागणी आणि श्रमिकांची विभागणी हा भेद आम्ही वर्षानुवर्षे फळ्यावर लिहीत आलो आहोत. पण त्याच्या लगेच पुढे जे आहे ते आमच्या नजरेतून निसटले होते. उद्योग स्थिर नसतो, तो झपाट्याने बदलतो. त्याच्याबरोबर माणसालाही आपला व्यवसाय बदलण्याची मोकळीक हवी. ती नसेल तर पोट भरण्याचे साधन समोर असूनही माणूस उपाशी राहतो, असा त्या विवेचनाचा आशय आहे. आम्ही हा मुद्दा जन्माने लादलेल्या धंद्यापुरता मर्यादित ठेवला होता. जन्माने नव्हे, पण पंधराव्या वर्षी दिलेल्या एका सल्ल्याने लादलेल्या धंद्यालाही तो लागू पडतो, हे आमच्या विद्यार्थिनीला आमच्या आधी कळले.

इतिहासाचा अभ्यासक म्हणवून घेणाऱ्याने तर हे विसरूच नये. आपल्या समाजाचा विसाव्या शतकातील इतिहास हा एका अर्थाने व्यवसाय सोडण्याचाच इतिहास आहे. मृत जनावरे ओढणे सोडले, गावकीची कामे सोडली. वतनदारीच्या बेडीविरुद्ध बाबासाहेबांनी 1928 साली मुंबई विधिमंडळात विधेयक आणले आणि ती बेडी कायद्याने तुटायला 1958 साल उजाडावे लागले. गाव सोडून माणसे रेल्वेत गेली, दारूगोळ्याच्या कारखान्यांत गेली, गिरण्यांत गेली. पण मुंबईच्या गिरण्यांत जास्त मजुरीचे विणकाम खाते आपल्या माणसांना बंद होते. धोट्यातील तुटलेला धागा तोंडाने ओढावा लागतो, मग विटाळ होतो, हे त्याचे कारण. 1928 च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी या अन्यायाला वाचा फोडली. म्हणजे कारखान्याच्या दारातून आत घेणे वेगळे आणि कुशल कामाच्या खात्यात शिरू देणे वेगळे, हे त्यांनी तेव्हाच ओळखले होते. पुढे मजूरमंत्री असताना, 1942 साली व्हाइसरॉयांना दिलेल्या निवेदनात, आपल्या विद्यार्थ्यांनी विज्ञान आणि तंत्रज्ञानाच्या उच्च शिक्षणाकडे वळावे म्हणून त्यांनी शिष्यवृत्त्यांची मागणी केली. स्वतः ते सिडनहॅम महाविद्यालयात अर्थशास्त्राचे प्राध्यापक होते, बॅरिस्टर होते, विधी महाविद्यालयाचे प्राचार्य होते, संपादक होते, मंत्री होते. बाबासाहेबांच्या तसबिरीखाली बसून तिशीतल्या मुलीला ‘आता बदलू नकोस’ असे आम्ही सांगावे, यातील विसंगती आम्हांला त्या दिवशी टोचली.

आठवडाभराने आम्ही तिच्याकडे गेलो आणि आमचे शब्द मागे घेतले. “मग आता काय शिकायचे ठरवले आहेस ते मला समजावून सांग,” असे म्हणालो. त्या दिवसापासून पुढची दोन वर्षे, महिन्यातून एखादा रविवार, शाळेच्या ग्रंथालयात ती शिक्षिका आणि आम्ही विद्यार्थी, असा वर्ग भरला. जे समजले ते पालकांसाठी येथे थोडक्यात सांगतो.

संकेतस्थळ किंवा मोबाइलवरचे अॅप आपण उघडतो तेव्हा जे दिसते, म्हणजे रंग, अक्षरे, बटणे, ती पुढची बाजू. आपण बटण दाबल्यावर ती मागणी दूरच्या एका संगणकाकडे, सर्व्हरकडे, जाते. मागणी करणारा कोण, त्याला हा अधिकार आहे काय, त्याने दिलेली माहिती खरी दिसते काय, ती कुठे लिहायची, उत्तर म्हणून काय पाठवायचे, हे सारे तेथे ठरते. ती मागची बाजू, म्हणजे बॅकएंड. पायथन ही भाषा, जँगो हा तिच्यावर उभा असलेला तयार सांगाडा, माहिती साठवण्यासाठी पोस्टग्रेस हा डेटाबेस आणि त्याच्याशी बोलण्यासाठी एसक्यूएल, केलेल्या प्रत्येक बदलाची नोंद राखणारे गिट, आणि सर्व्हरवर बहुधा असणारी लिनक्स प्रणाली, एवढे तिने शिकायचे ठरवले होते. अठरा हजारांचा एक जुना लॅपटॉप घेतला. सकाळी शाळा, दुपारी शिकवण्या, रात्री मुलगी झोपल्यावर दहा ते एक हा अभ्यास.

मध्ये एक ठेचही लागली. नोकरीची शंभर टक्के हमी देणाऱ्या एका खासगी वर्गाला तिने बचतगटातून कर्ज काढून साठ हजार रुपये भरले. तीन महिन्यांत शिकवणारे दोनदा बदलले आणि हमीचा कागद पाहू गेल्यावर त्यात अटीच अटी निघाल्या. ते पैसे गेले. पुढचे बहुतेक शिक्षण तिने मोफत उपलब्ध असलेल्या साहित्यावर आणि अधिकृत दस्तऐवज इंग्रजीत वाचून केले. एकेक पान वाचायला सुरुवातीला तास लागे. ती म्हणाली, “सर, कोडपेक्षा इंग्रजीनेच जास्त रडवलं.”

वर्षभराने तिला सरावासाठी एखादे खरे काम हवे होते. आम्ही म्हणालो, आपल्या कोठीचा हिशेब आहे की. सहावीपासून जो शिधा तिने वहीत लिहिला तोच आता संगणकात लिहायचा. हे काम सोपे असेल अशी आमची समजूत होती. तिने आम्हांला एक प्रश्न घातला. कोठीत दहा किलो तूरडाळ आहे. मुलांच्या वसतिगृहाचे अधीक्षक आणि मुलींच्या वसतिगृहाच्या अधीक्षिका एकाच क्षणी आपापल्या मोबाइलवर शिल्लक पाहतात. दोघांनाही दहा दिसते. एकजण सात किलो उचल नोंदवतो, दुसरी सहा. पहिल्याच्या हिशेबाने तीन उरले, दुसरीच्या हिशेबाने चार, आणि ज्याची नोंद मागाहून पडते तो आकडा राहतो. म्हणजे दहा किलोंतून कागदोपत्री तेरा किलो डाळ गेली आणि तरीही चार किलो शिल्लक! वहीत असे होत नाही, कारण वही एक आणि ती एका वेळी एकाच्याच हातात. संगणकात ती शिस्त आपल्याला घालून द्यावी लागते. पहिल्याचा व्यवहार पुरा होईपर्यंत दुसऱ्याला त्या नोंदीपाशी थांबवायचे, मग ताजी शिल्लक पाहायची आणि पुरत नसेल तर नकार द्यायचा. याला ट्रान्झॅक्शन आणि लॉक म्हणतात. बँकेत आपले पैसे याच शिस्तीवर सुरक्षित असतात, असे ती म्हणाली तेव्हा तिच्या कामाचे वजन आम्हांला कळले.

काही गोष्टी तर आम्हांला ओळखीच्याच वाटल्या. बाहेरून आलेल्या कोणत्याही माहितीवर बॅकएंडने विश्वास ठेवायचा नसतो. नावाच्या रकान्यात कोणी नावाऐवजी डेटाबेसला द्यायची आज्ञाच लिहून पाठवू शकतो; म्हणून प्रत्येक गोष्ट तपासायची. इतिहासात आम्ही साधनांचे बाह्य आणि अंतर्गत परीक्षण करतो ते याहून वेगळे काय आहे? तथागतांनी कालामांना सांगितले तेही हेच, की परंपरेने आले, ग्रंथात आहे किंवा गुरू म्हणतो एवढ्यावर मानू नका. पासवर्ड तर नीट बांधलेल्या प्रणालीत जसाचा तसा साठवतच नाहीत. त्याचे असे रूपांतर साठवतात की त्यावरून मूळ शब्द परत काढणे जवळपास अशक्य व्हावे. पुढच्या वेळी दिलेल्या शब्दाचे तसेच रूपांतर करून दोन्ही जुळतात काय, एवढे पाहतात. मालकालाही ठाऊक नसलेले गुपित राखणारा पहारेकरी, अशी कल्पना आम्ही केली आणि तिने ती मान्य केली.

पण ज्या प्रसंगासाठी आम्ही हा लेख लिहायला घेतला तो पुढचा आहे. कोठीच्या हिशेबानंतर तिने विद्यार्थ्यांच्या नोंदींचे काम हाती घेतले. जनरल रजिस्टरचा क्रमांक ही प्रत्येकाची ओळख, कारण एकाच नावाच्या तीन-तीन मुली शाळेत असतात, हे तिने बरोबर धरले. आम्ही सुचवले, शिष्यवृत्तीच्या अर्जाला जात लागते, तेव्हा विद्यार्थ्याच्या पानावर नावाखालीच जातीचा रकाना ठेव, सोयीचे पडेल. ती थांबली. म्हणाली, “सर, हे पान कोणाकोणाला दिसणार?” आम्ही म्हणालो, सगळ्या शिक्षकांना. ती काही वेळ बोललीच नाही. मग तिने सांगितले की अकरावीत, शहरातल्या महाविद्यालयात, लिपिक वर्गात येऊन मोठ्याने म्हणे, स्कॉलरशिपवाले उभे राहा. साठ जणांच्या वर्गात आठ-दहा जण उभे राहत. “तो रकाना सगळ्यांना दिसला की वर्ग रोज उभा राहील, सर.”

आम्हीही असेच उभे राहिलेलो आहोत. आमच्या वयाच्या बहुतेक वाचकांना तो क्षण ठाऊक असेल. पाय उभे असतात आणि मान खाली जाते. आणि तरीही, आपल्याच शाळेत, जेथे बौद्धांबरोबर आदिवासी आणि भटक्या-विमुक्तांची लेकरे शिकतात, तोच रकाना नावाखाली लावा, असे आम्ही सोय म्हणून सांगत होतो.

तिने जातीची माहिती वेगळ्या तक्त्यात ठेवली. शिष्यवृत्तीचे काम पाहणाऱ्या एका कर्मचाऱ्यालाच ती उघडता येते, आणि त्याने ती केव्हा उघडली याची नोंद राहते. आम्ही विचारले, इतके कशाला? शिक्षकांच्या पडद्यावर तो रकाना नुसता लपवला तर चालणार नाही काय? तिचे उत्तर आम्ही वहीत लिहून ठेवले आहे. पडद्यावर लपवलेली गोष्ट ब्राउझरपर्यंत पोचलेली असते आणि जाणकाराला ती पाहता येते. जे कोणाला दिसू नये ते सर्व्हरने त्याच्याकडे पाठवताच कामा नये. तो निर्णय मागेच व्हावा लागतो.

त्या दिवशी आम्हांला कळले की बॅकएंड म्हणजे केवळ एक नोकरी नव्हे. कोणाला काय दिसावे, कोणता रकाना सक्तीचा असावा, कोणता अर्ज कोणत्या कारणाने परत जावा, हे नियम आता तेथे लिहिले जातात. पूर्वी ते तलाठ्याच्या दप्तरात आणि शाळेच्या कचेरीत लिहिले जात. त्या दप्तरापाशी आपला माणूस बसावा म्हणून बाबासाहेब झगडले. दप्तर जर सर्व्हरमध्ये गेले असेल, तर आपल्या लेकरांनीही तेथवर जायला हवे. ज्याने उभे राहण्याचा अनुभव घेतला आहे, त्यालाच तो रकाना पाहून थांबावेसे वाटेल.

नोकरी मिळणे मात्र सोपे नव्हते. 2022 च्या अखेरीपासून या क्षेत्रात मोठ्या कंपन्यांनी माणसे कमी केली आणि अनुभवी माणसेही काम शोधत असताना नवशिक्यांना कोण विचारणार? तिच्या वहीतली नोंद अशी: अर्ज 74, उत्तरे 11, मुलाखती 5. एका मुलाखतीत दहा वर्षांच्या शिक्षकीला ‘मधला रिकामा काळ’ म्हटले गेले. एका ठिकाणी तिला पूर्ण नाव पुन्हा विचारले आणि मग संभाषण आटोपले. कारण तिला कळले नाही. आम्हीही त्याचा अंदाज येथे बांधत नाही. खासगी क्षेत्रात आरक्षण नाही, त्यामुळे विचारायला जागाही नाही. ती मागणी आपण सोडता कामा नये, हे आम्ही आजही ठामपणे म्हणतो.

पाचवी मुलाखत नागपुरातल्या एका लहान कंपनीत होती, जी पतसंस्थांसाठी प्रणाली तयार करते. तेथे त्यांनी तिला स्वतः केलेले एखादे काम दाखवायला सांगितले. तिने तूरडाळीचा प्रश्न सांगितला. पतसंस्थेचे खाते आणि शाळेची कोठी यांचा प्रश्न एकच आहे, हे समोरच्याला लगेच पटले. 2023 च्या डिसेंबरात ती रुजू झाली. पहिले सहा महिने उमेदवारी, आठ हजारांवर. नंतर वीस हजार. वयाच्या बत्तिसाव्या वर्षी ती त्या कचेरीत सर्वांत कनिष्ठ होती. तिचा वरिष्ठ तिच्याहून सात वर्षांनी लहान आहे आणि ती त्याला सर म्हणते.

कनिष्ठाचे काम म्हणजे नवे काही उभारणे नव्हे. पहिले कित्येक महिने दुसऱ्यांनी लिहिलेला कोड वाचायचा, त्यातील लहान दोष दूर करायचे, चाचण्या लिहायच्या, आपला कोड वरिष्ठांकडून तपासून घ्यायचा आणि लाल शेरे निमूटपणे वाचायचे. दुसऱ्या महिन्यात तिच्या हातून एक मोठी चूक झाली. एकाच खातेदाराचा पत्ता बदलायचा होता, पण आज्ञेत ‘कोणाचा’ ही अटच लिहायची राहिली आणि क्षणात सर्व खातेदारांचा पत्ता एकच झाला. सुदैवाने ती चाचणीसाठी ठेवलेली प्रत होती. ती रात्रभर झोपली नाही. सकाळी वरिष्ठाने शांतपणे सांगितले की अशा चुका होतात म्हणूनच ती प्रत ठेवलेली असते. ज्या शिक्षिकेने दहा वर्षे मुलांच्या चुका न रागावता सुधारल्या, तिला स्वतःच्या चुकीकडे तसे पाहायला बत्तिसाव्या वर्षी शिकावे लागले.

तिची शिक्षकी वाया गेली काय, असे आम्ही तिला अलीकडे विचारले. ती म्हणाली, कोड यंत्रासाठी लिहितात असे लोकांना वाटते, पण तो सहा महिन्यांनी दुसरा माणूस वाचणार असतो. त्याला समजेल असे लिहिणे हे फळ्यावर लिहिण्यासारखेच आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेविषयीही आम्ही शंका काढली. यंत्रच कोड लिहू लागले तर नवशिक्यांचे काय? तिने धीर दिला नाही, भीतीही घातली नाही. सोपा कोड यंत्र लिहून देते हे खरे. म्हणून नुसता पाठ केलेला कोड आता कोणी विकत घेणार नाही. दिलेला कोड बरोबर आहे की चूक हे ज्याला सांगता येईल, त्याची गरज आहे. डाळ चार किलो उरली असे यंत्राने सांगितले, तरी तेरा किलो कशी गेली हे विचारणारा माणूस लागतोच.

पालकांना आमचे सांगणे इतकेच. प्रत्येकाने हीच वाट धरावी, असे आम्ही मुळीच म्हणत नाही. एकच वाट सर्वांना दाखवण्याची चूक आमची करून झाली आहे. शेत किंवा दागिने गहाण टाकून कोणत्याही वर्गाची फी भरू नका. नोकरीची हमी देणाऱ्याकडे लेखी अटी मागा आणि तेथून शिकून गेलेल्या दोघांना प्रत्यक्ष भेटा. हाताशी असलेले उत्पन्न एकदम सोडू नका. तिने शिकवण्या शेवटपर्यंत चालू ठेवल्या. दीड-दोन वर्षांची तयारी धरा. मुलांचे इंग्रजी वाचन आजच सुरू करा. पण तिशीतल्या मुलाने किंवा मुलीने नवी वाट धरायची म्हटली, तर ‘आता वय गेले’ हे वाक्य उच्चारण्यापूर्वी थांबा. सम्यक आजीविका हे अष्टांगिक मार्गाचे अंग आहे, आणि ती शोधायला वयाची अट घातलेली आमच्या वाचनात नाही.

माजी विद्यार्थ्यांना एक विनंती आहे. आपल्या संगणक कक्षात बारा यंत्रे आहेत. ती मुलगी महिन्यातील दुसऱ्या आणि चौथ्या रविवारी येऊन नववी-दहावीच्या मुलांना शिकवते. उरलेले रविवार रिकामे आहेत. या क्षेत्रात असणाऱ्यांनी त्यांपैकी एखादा स्वीकारावा. नोकरीसाठी धडपडणाऱ्या एखाद्याच्या मुलाखतीची तयारी जरी फोनवरून करून घेतली, तरी ते दान लहान नाही.

मावशी अजूनही पहाटे चारला उठतात. कोठीची नोंद आता मोबाइलवर होते. परवा आम्ही सहज विचारले, “मावशी, लेक काय काम करते ते कळले काय?” त्या पोळी उलटवत म्हणाल्या, “कळलं नं, सर. माहेच हिसाब लिहिते थे. पयले वहीत लिहे, आता दुसऱ्याइचे बी लिहिते.” आम्ही दोन वर्षे ग्रंथालयात बसून शिकलो त्याचे सार याहून वेगळे नाही.

नमो बुद्धाय. जय भीम.